वखार व गुदाम व्यवसाय, उल्हास खोऱ्यातील

उत्पादित किंवा खरेदी केलेला माल विकला जाईपर्यंत अथवा पुढे रवाना होईपर्यंत सुरक्षित ठेवण्याची जागा म्हणजे वखार किंवा गुदाम होय. माल स्वीकारणे, त्याची मोजदाद व नोंद करणे, थप्पी लावणे, निगा राखणे, मागणी येताच नेमका तोच माल काढून व बांधून रवाना करणे आणि या सर्व काळात दुसऱ्याच्या मालाची जबाबदारी पतकरणे, ही या व्यवसायाची प्रमुख अंगे होत. ठाणे जिल्ह्यातील कल्याण, उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर ही उल्हास नदीच्या काठची व तिच्या लगतची शहरे आणि नदीपलीकडील भिवंडी तालुका या प्रदेशात या व्यवसायाची परंपरा सु. दोन हजार वर्षांची आहे. मालाची वखार कोठे उभी राहावी, हे येथे मालाच्या सोयीइतकेच, किंबहुना काही वेळा त्याहून अधिक, जकातीने ठरविले आहे. या प्रदेशाचा इतिहास पाहताना ही गोष्ट वारंवार नजरेस येते.

‘वखार’ हा शब्द मराठीत तीन अर्थांनी रूढ आहे : माल साठविण्याची जागा, परदेशी व्यापारी कंपनीचे ठाणे व बोलीभाषेत लाकूड वा कोळसा विकण्याची जागा. धान्याच्या साठवणीसाठी कणगी, बळद, पेव, कोठार, अंबार असे निरनिराळे शब्द आहेत. ‘गुदाम’ अथवा ‘गोदाम’ हा शब्द यूरोपीय व्यापाऱ्यांच्या तोंडून मराठीत आला. त्यांनी तो मलाय भाषेतील ‘गदोंग’ या शब्दावरून घेतला आणि मलाय शब्दाचे मूळ तेलुगू ‘गिड्डंगी’ व तमिळ ‘किडंगु’ या शब्दांत असावे, असे भाषाभ्यासक मानतात. म्हणजे दक्षिण भारतातून पूर्वेकडे गेलेला शब्द परदेशी जहाजांतून भारतात परत आला.

प्राचीन व मध्ययुगीन काळ : कल्याण हे सातवाहनकाळातील महत्त्वाचे बंदर होते. पेरिप्लस या पहिल्या शतकातील ग्रीक प्रवासवृत्तात त्याचा ‘कॅलिएना’ असा उल्लेख असून, पूर्वी ते अधिकृत व्यापारपेठ होते, परंतु सत्तांतरानंतर तेथील व्यापारास अडथळे आले व तेथे येणारी ग्रीक जहाजे पहाऱ्यात भडोचला नेली जाण्याचा संभव असे, असे त्यात नमूद केले आहे. मालाचा मार्ग राजसत्तेच्या इच्छेनुसार वळविला गेल्याची ही या प्रदेशातील बहुधा सर्वांत जुनी नोंद होय. कान्हेरी येथील लेण्यांच्या शिलालेखांत दान देणाऱ्यांमध्ये कल्याणच्या रहिवाशांची नावे आढळतात. सहाव्या शतकात कॉस्मस या प्रवाशानेही भारताच्या प्रमुख बंदरांत कल्याणची गणना केली आहे.

बंदरात उतरलेला माल नाणेघाटमार्गे जुन्नरकडे जाई. घाटमाथ्यावरील कोरीव दगडी रांजण जकातीची नाणी टाकण्यासाठी होता, अशी परंपरागत समजूत आहे. ओझ्याचे बैल पावसाळ्यात घाट चढू शकत नसत आणि त्या महिन्यांत समुद्रही बंद असे. त्यामुळे घाटाच्या पायथ्याशी व बंदरात माल साठवून ठेवण्यावाचून गत्यंतर नव्हते. वंजारी व लमाण यांचे तांडे घाटावरून धान्य आणीत व परतताना कोकणातील मीठ नेत. बदलापूर या गावाच्या नावाची उपपत्ती घोडे ‘बदलण्याच्या’ जागेवरून सांगितली जाते. ही लोकव्युत्पत्ती असली, तरी मालाच्या व निरोपांच्या वाटेवरील टप्प्याचे गाव अशी त्याची ओळख लोकस्मृतीत टिकून आहे, एवढे तीवरून कळते.

मराठा राज्यात धान्यसाठवण हा राज्यकारभाराचा भाग होता. अठरा कारखान्यांत अंबारखान्याचा समावेश होता. पन्हाळगडावरील गंगा, यमुना व सरस्वती या नावांच्या तीन भव्य धान्यकोठारांपैकी गंगा कोठाराची क्षमता २५,००० खंडी असल्याचे सांगितले जाते. व्यापारी मालाच्या बाबतीत मात्र हुंडेकरी या वर्गाचे महत्त्व मोठे होते. हुंडेकरी हा व्यापाऱ्याकडून एकच ठोक रक्कम घेऊन माल मुक्कामास पोहोचविण्याची हमी देई. वाटेतील सर्व चौक्यांची जकात, भाडे व इतर खर्च त्यानेच सोसावयाचा असे. माल पाठविणाऱ्यास वाटेचा हिशेब ठेवावा लागत नसे. आज उत्पादक आपल्या मालाची साठवण व वाहतूक त्रयस्थ कंपनीकडे सोपवितात, त्या पद्धतीशी हुंडेकरी पद्धतीचे साम्य लक्षणीय आहे.

यूरोपीय कंपन्यांच्या वखारी या निव्वळ साठवणीच्या जागा नव्हत्या. हंगामात स्वस्त माल घेऊन ठेवावा व जहाज येताच भरावा, यासाठी त्या स्थापन झाल्या, परंतु लवकरच त्यांना तट, तोफा व पहारे आले. राजापूरच्या इंग्रजांनी पन्हाळ्याच्या वेढ्यात सिद्दी जौहरला तोफांची मदत केल्यामुळे शिवाजी महाराजांनी १६६१ मध्ये त्यांची राजापूर येथील वखार लुटली. रामचंद्रपंत अमात्य यांच्या आज्ञापत्रात (१७१५) टोपीकरांना वखारीसाठी जागा द्यावी लागलीच, तर ती खाडीच्या अथवा समुद्राच्या काठी देऊ नये आणि तेथे पक्की व मजबूत बांधकामे होऊ देऊ नयेत, असा सावधगिरीचा सल्ला आहे. वखारीची जागा व बांधणी हा राजनीतीचा विषय आहे, हे इतक्या स्पष्टपणे सांगणारे मराठीतील हे महत्त्वाचे लेखन होय.

लोहमार्ग व मुंबईची गुदामे : मुंबई–ठाणे लोहमार्ग १८५३ मध्ये व ठाणे–कल्याण मार्ग १८५४ मध्ये सुरू झाला. १८५६ मध्ये कल्याणहून अंबरनाथ-बदलापूरमार्गे खोपोलीपर्यंत गाडी धावू लागली. बोरघाटातील मार्ग १८६३ मध्ये व थळघाटातील मार्ग १८६५ मध्ये पूर्ण झाल्यावर दख्खन व खानदेश-वऱ्हाडचा कापूस थेट मुंबईच्या धक्क्यावर जाऊ लागला. त्यामुळे कल्याणला माल थांबण्याचे कारण उरले नाही. ते मोठे जंक्शन झाले, पण बाजारपेठ म्हणून त्याचे महत्त्व घटले. वखारी मुंबईस गेल्या. कुलाब्याचा कापूस-बाजार १९२० नंतरच्या दशकात शिवडी-माझगावच्या परिसरात पोर्ट ट्रस्टने बांधलेल्या नव्या गुदामांकडे हलविण्यात आला. तेथील रेल्वे स्थानकाचे ‘कॉटन ग्रीन’ हे नाव त्याची साक्ष देते.

एकत्र ठेवू नये असा माल एकत्र ठेवण्याचा परिणाम मुंबईने १४ एप्रिल १९४४ रोजी पाहिला. व्हिक्टोरिया गोदीत उभ्या असलेल्या ‘फोर्ट स्टिकीन’ या जहाजात स्फोटके व कापसाच्या गाठी अशा दोन्ही वस्तू भरलेल्या होत्या. कापसास लागलेली आग स्फोटकांपर्यंत पोहोचून जे दोन प्रचंड स्फोट झाले, त्यांत शेकडो माणसे मृत्युमुखी पडली आणि धक्क्यावरील गुदामे व त्यांतील धान्य नष्ट झाले. ज्वालाग्राही मालाच्या वेगळ्या साठवणीचा नियम तेव्हाही अज्ञात नव्हता. युद्धकाळातील घाईत तो बाजूस सारण्यात आला.

अंबरनाथचे कारखाने व उल्हासनगर : दुसऱ्या महायुद्धापूर्वी अंबरनाथ हे शके ९८२ (इ. स. १०६०) मधील शिलालेख असलेल्या शिवमंदिरासाठी ख्यातनाम असले, तरी तेथे कारखानदारीचा प्रारंभ झाला होता. धरमसी मोरारजी केमिकल कंपनीने १९२१ मध्ये तेथे गंधकाम्ल व खते यांचे उत्पादन सुरू केले. त्यानंतर आगपेट्यांचा मोठा कारखाना निघाला. गंधक, अम्ल, आगकाड्या हे सर्वच पदार्थ साठवणीच्या दृष्टीने धोकादायक असल्याने येथील गुदामे कारखान्याच्या आवारातच, वस्तीपासून अंतर राखून बांधली गेली. पुढे वस्ती त्यांच्या भिंतींपर्यंत येऊन भिडली.

युद्धकाळात सरकारने कल्याणनजीक लष्करी तळ उभारला. येथे दोन हजारांहून अधिक बराकी बांधण्यात आल्या होत्या. समुद्रमार्गे आलेले सैन्य रेल्वेने पुढे पाठविण्यापूर्वी काही दिवस ठेवण्याची ही जागा होती. १९४७ च्या फाळणीनंतर या रिकाम्या बराकींत सिंधमधून आलेल्या निर्वासितांना आसरा देण्यात आला. त्यांची संख्या लाखाच्या घरात होती. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते कोनशिला बसवून या वसाहतीस उल्हासनगर हे नाव देण्यात आले. शहराचे भाग मात्र अद्यापि ‘कॅम्प’ या शब्दाने व क्रमांकाने ओळखले जातात.

निर्वासितांमध्ये व्यापारी मोठ्या संख्येने होते. त्यांच्यापाशी व्यापाराचे ज्ञान होते, परंतु दुकान, पेढी व वखार सिंधमध्येच राहिली होती. प्रारंभी अनेकांनी घरी केलेले पदार्थ व किरकोळ वस्तू रेल्वेगाड्यांतून फिरून विकल्या. भांडवल साठताच बराकीचा पुढचा भाग दुकान, मधला कारखाना, मागचा निवास आणि माळा हे गुदाम, अशी रचना रूढ झाली. कापड, तयार कपडे, लाकडी सामान, मिठाई, प्लॅस्टिकच्या वस्तू व पुढे जीन्सचे कपडे या सर्वच धंद्यांत ही रचना कमीअधिक फरकाने आढळते. येथे मोठा साठा एका जागी नसे, तो गल्लीभर विखुरलेला असे. बाहेरगावचा घाऊक ग्राहक सकाळी मागणी नोंदवी, व्यापारी चार-सहा घरांतून माल गोळा करी आणि संध्याकाळपर्यंत गाठी बांधून रेल्वे पार्सलात वा मालमोटारीत चढवी. साठ्यात अडकणाऱ्या भांडवलाची उणीव नात्याच्या व उधारीच्या जाळ्याने भरून काढली, हे उल्हासनगरच्या यशाचे खरे इंगित होय. येथील मालाची ‘नक्कल’ म्हणून जी थट्टा वर्षानुवर्षे झाली, तीत या व्यवस्थेची दखल क्वचितच घेतली गेली.

या रचनेस दुसरी बाजूही आहे. सु. १३ चौ. किमी. क्षेत्रातील दाट वस्तीत कापड, रसायने व लाकूड यांचे साठे राहत्या घरांत असल्यामुळे आगीचा धोका कायम राहतो. शिवाय बराकींचा विस्तार करताना झालेली बांधकामे मोठ्या प्रमाणावर विनापरवाना होती. ती नियमित करण्यासाठी राज्य शासनास २००६ मध्ये उल्हासनगरपुरता स्वतंत्र कायदा करावा लागला. ज्या जागेचे कागद पूर्ण नाहीत, ती बँकेकडे तारण राहू शकत नाही. त्यामुळे माल असूनही संस्थात्मक कर्ज नाही, अशी अवस्था अनेक लहान व्यापाऱ्यांची झाली.

कायदा व वखार पावती : दुसऱ्याचा माल सांभाळणाऱ्याने, तो आपला असता तर सामान्य समंजस माणसाने जेवढी काळजी घेतली असती तेवढी घेतली पाहिजे, हे तत्त्व १८७२ च्या भारतीय संविदा अधिनियमात निक्षेपाच्या प्रकरणात आहे. वखारदाराने दिलेली पावती हा मालाच्या हक्काचा दस्तऐवज ठरू शकतो, ही गोष्ट १९३० च्या मालविक्री अधिनियमाने मान्य केली. गोरवाला यांच्या अध्यक्षतेखालील अखिल भारतीय ग्रामीण पतपाहणी समितीने (अहवाल १९५४) शेतकऱ्याच्या कर्जबाजारीपणाचा संबंध वखारींच्या अभावाशी जोडला. धनंजयराव गाडगीळ हे या समितीचे सदस्य होते. सुगीच्या दिवसांत पडेल भावाने विकावे लागू नये, यासाठी माल वखारीत ठेवून पावतीवर कर्ज मिळावे, अशी ही योजना होती. १९५६ च्या अधिनियमानुसार १९५७ मध्ये केंद्रीय वखार महामंडळ व त्याच वर्षी पुणे येथे मुख्यालय असलेले राज्य वखार महामंडळ स्थापन झाले. २००७ च्या अधिनियमाने व २०१० मध्ये स्थापन झालेल्या प्राधिकरणाने हस्तांतरणीय पावतीस कायदेशीर बळ दिले. उल्हास खोऱ्यातील बहुसंख्य गुदामे खाजगी व बिगरशेती मालाची असल्याने येथे मात्र या व्यवस्थेचा प्रभाव मर्यादित राहिला.

माथाडी कामगार : यंत्रे येण्यापूर्वी वखारीतील प्रत्येक गोणी माणसाच्या डोक्यावरून वा पाठीवरून आत जाई व बाहेर येई. हे काम करणारे बहुतेक कामगार सातारा, सांगली, पुणे, अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) या जिल्ह्यांतील दुष्काळी भागांतून मुंबईस आलेले होते. त्यांची टोळी असे व टोळीचा मुकादम असे. व्यापाऱ्याचे नाते मुकादमाशी, कामगाराशी नव्हे. त्यामुळे अपघात झाला, वय झाले किंवा काम नसले, तर त्यांची जबाबदारी कोणावरच पडत नसे. वजनाची मर्यादाही नव्हती आणि क्विंटलची गोणी नित्याची होती. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९६७ मध्ये एका माणसाने वाहावयाचे कमाल वजन ५५ किग्रॅ. असावे, अशी शिफारस केली.

अण्णासाहेब पाटील यांनी या विखुरलेल्या कामगारांची संघटना बांधली आणि तिच्या लढ्यातून १९६९ चा महाराष्ट्र माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगार अधिनियम संमत झाला. नोकरी कायम नसलेल्या, रोज वेगवेगळ्या मालकाकडे राबणाऱ्या कामगारास कायम कामगाराचे लाभ कसे द्यावयाचे, या प्रश्नाचे त्याने काढलेले उत्तर अभिनव होते. मालक व टोळी या दोहोंची नोंदणी मंडळाकडे होते. मजुरी मंडळात जमा होते व तीवर ठरावीक टक्के लेव्ही आकारून तीतून भविष्यनिर्वाह निधी, बोनस, रजावेतन व उपदान दिले जाते. शासन, मालक व कामगार या तिघांचे प्रतिनिधी मंडळावर असतात. असंघटित कामगारांसाठी पुढे अन्यत्र झालेल्या विचारविनिमयात या कायद्याचा आदर्श म्हणून उल्लेख होत राहिला. कालांतराने काही ठिकाणी माथाड्यांच्या नावाखाली कामाविना पैसे उकळण्याच्या तक्रारीही झाल्या. परंतु त्यामुळे मूळ योजनेचे मोल कमी होत नाही.

जकात व भिवंडीची गुदामे : मुंबईतील जागांचे भाव व रस्त्यांवरील गर्दी यांमुळे घाऊक बाजार शहराबाहेर नेण्याचे धोरण शासनाने स्वीकारले. १९८१ पासून कांदा-बटाटा, धान्य, मसाले व भाजीपाला यांचे बाजार टप्प्याटप्प्याने नवी मुंबईत गेले. १९८९ मध्ये न्हावा-शेवा येथील बंदर सुरू झाल्यावर परदेशी मालाचा ओघही मुंबई गोदीकडून खाडीपलीकडे वळला. परंतु कारखान्यात तयार झालेला माल, कापड, विजेची उपकरणे, औषधे व पुस्तके यांचे साठे यांपैकी कशाच्याही मागे गेले नाहीत. ते भिवंडी तालुक्यात गेले.

याचे मुख्य कारण जकात. मुंबई महानगरपालिकेच्या हद्दीत माल शिरताच मुलुंड, ऐरोली, मानखुर्द व दहिसर येथील नाक्यांवर जकात भरावी लागे. विकला जाईल की नाही हे ठाऊक नसलेल्या मालावर आधी कर भरून तो शहरात साठविणे कोणत्याही व्यापाऱ्यास परवडणारे नव्हते. भिवंडी शहराबाहेरील काल्हेर, कशेळी, पूर्णा, राहनाळ, वळ, दापोडे, माणकोली ही गावे ग्रामपंचायतींच्या क्षेत्रात असल्याने तेथे जकात नव्हती, आणि मुंबई-आग्रा महामार्ग व ठाण्याची खाडी तर हाकेच्या अंतरावर होती. माल येथे उतरवावयाचा आणि दुकानदाराची मागणी येईल तेवढाच नाक्यातून आत न्यावयाचा, ही पद्धत रूढ झाली. यास केंद्रीय विक्रीकराची जोड मिळाली. एका राज्यातून दुसऱ्या राज्यात विक्री केल्यास हा कर लागे, स्वतःच्याच गुदामात माल हलविल्यास लागत नसे. म्हणून प्रत्येक कंपनी प्रत्येक राज्यात एक गुदाम ठेवी आणि महाराष्ट्रातील ते गुदाम बहुधा भिवंडीत असे. भातशेती करणाऱ्या आगरी व इतर कुटुंबांनी आपल्या खाचरांवर भराव घालून पत्र्याच्या छपरांचे गाळे उभारले. भाडे हे पिकापेक्षा अधिक व निश्चित होते. कित्येक गाळ्यांना बांधकाम परवानगी नव्हती, अग्निशमनाची साधने नव्हती आणि पावसाचे पाणी वाहून नेणारे नैसर्गिक ओढे भरावाखाली गेले. २००७ मध्ये या परिसराचे नियोजन मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे सोपविण्यात आले, तोपर्यंत गुदामांची वसाहत उभी राहून चुकली होती.

१ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू होऊन मुंबईची जकात व केंद्रीय विक्रीकराचे हे प्रयोजन दोन्ही संपले. भिवंडीचे कारणच नाहीसे झाले, अशी अटकळ त्या वेळी अनेकांनी केली. प्रत्यक्षात उलट घडले. राज्याराज्यांतील लहान गुदामे मोडून मोजकीच मोठी गुदामे ठेवणे किफायतशीर ठरल्याने मोठ्या बाजारपेठेजवळील भिवंडीची मागणी वाढली. कराने जमविलेले रस्ते, वाहतूकदार, माथाडी, दलाल व दुरुस्तीची दुकाने कर गेल्यावर उठून गेली नाहीत.

मागणीपूर्तीचे आधुनिक तंत्र : जुन्या वखारीत गोणी, गाठ वा पेटी हे मोजमापाचे एकक होते. घरबसल्या खरेदीच्या पद्धतीमुळे एकेक नग हे एकक झाले. अ‍ॅमेझॉन कंपनीने जून २०१३ मध्ये भारतात व्यवसाय सुरू केला, तेव्हा तिचे पहिले मागणीपूर्ती केंद्र भिवंडीतच होते. अशा केंद्रात आलेल्या मालाची तपासणी करून प्रत्येक नगावर रेषासंकेत लावतात. अमेरिकेत १९७४ मध्ये किरकोळ दुकानात प्रथम वापरलेल्या या संकेतामुळे वस्तूची जागा माणसाच्या स्मरणात राहण्याऐवजी संगणकाच्या नोंदीत राहते. त्यामुळे एकाच प्रकारचा माल एकत्र ठेवण्याचीही आवश्यकता उरत नाही. ज्या खणात जागा असेल तेथे तो ठेवतात. ज्या थोड्या वस्तूंना बहुतेक मागणी असते, त्या बांधणीच्या टेबलांजवळ मांडतात. आधी आलेला माल आधी काढणे हा जुना नियम औषधे व खाद्यपदार्थांबाबत बदलून, आधी मुदत संपणारा माल आधी काढतात. खणांतून वस्तू निवडून आणणे हे सर्वांत खर्चिक काम असून त्यात कामगाराला दिवसभर चालावे लागते. ओझे कमी झाले, पण कामाचा वेग आता यंत्र मोजते. हे कामगार बहुधा कंत्राटदारांमार्फत सणासुदीच्या हंगामापुरते घेतले जातात. मुकादमाच्या टोळीतील हमालाविषयी १९६९ मध्ये सुटलेला प्रश्न त्यांच्या बाबतीत नव्या स्वरूपात उभा राहिला आहे.

अंबरनाथ येथील आनंदनगर व बदलापूर येथील औद्योगिक क्षेत्रांत महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाचे भूखंड असून त्यांना बदलापूरजवळील बारवी धरणातून पाणी मिळते. येथील गुदामे मुख्यतः कारखान्यांना जोडलेली व रसायने, औषधे, यंत्रभाग यांच्या साठवणीची आहेत. भोपाळ दुर्घटनेनंतर १९८९ मध्ये झालेले घातक रसायनांच्या साठवणीचे नियम त्यांना लागू होतात. बडोदा–मुंबई द्रुतगती मार्गाच्या न्हावा-शेव्याकडे जाणाऱ्या शाखेची आखणी बदलापूरजवळून झाल्याने या भागातील जमिनींना गुदामांसाठी मागणी येऊ लागली. तथापि, २६ जुलै २००५ च्या पुरात उल्हास नदीचे पाणी बदलापूर व कल्याणच्या सखल भागांत शिरले आणि २७ जुलै २०१९ रोजी बदलापूर व वांगणी यांच्या दरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस पुराच्या पाण्यात अडकून पडली. नदीकाठच्या पट्ट्यात गुदाम बांधताना जोत्याची उंची पूररेषेवरून ठरवावी लागते. जुन्या वस्तीतील जाणते व्यापारी मालाची पहिली थप्पी आजही जमिनीवर न लावता लाकडी फळ्यांवर लावतात.